पोतंभर जुने बल्ब: उघडायचे कोणते, तसेच ठेवायचे कोणते

शहाद्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. सासऱ्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान बंद झालं, आवराआवर करताना माळ्यावर पोतंभर जुने बल्ब निघाले. साधे पिवळे बल्ब जास्त, थोडे दुधी, काही सीएफएल, आठ-दहा ट्यूबलाइट आणि दोन खूप मोठे, जड बल्ब. श्रावणात घरी कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशातली देवी, बसते. तिच्या सजावटीला आणि पुढे दिवाळीला यातून काही करावं असं त्यांच्या मनात आहे. व्हिडिओ बघून चार बल्ब उघडायला घेतले, तीन फुटले, चौथा उघडला पण बोट कापलं. आता त्या विचारतात की न फुटता बल्ब उघडायची युक्ती कोणती, सीएफएलचं काय करता येईल, बल्बात तेल घालून वात लावली तर दिवा होईल का, मनीप्लांट कसा लावायचा, आणि नऊ वर्षांची मुलगी मदतीला बसते ते चालेल का.

ताई, युक्ती सांगतो, हातचं राखून ठेवत नाही. पण तुमची खरी अडचण उघडण्याची नाही, निवडण्याची आहे. पोत्यातला प्रत्येक बल्ब उघडायचाच असतो असं तुम्ही धरून चाललात. व्हिडिओवाले तसंच दाखवतात, कारण उघडताना बघायला मजा येते. माझ्या हातून आजवर जेवढी सजावट झाली, तिच्यातले निम्म्याहून जास्त बल्ब मी उघडलेलेच नाहीत.

मी आयटीआयचा वायरमन. अमळनेरात तेहतीस वर्षं दुकान चालवलं. मोटार रिवाइंडिंग, पंखे, मळ्यातल्या पंपाचे स्टार्टर हे मुख्य काम, आणि बल्ब विकणं हे सुटे पैसे करायचं साधन. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना आली, नऊ वॅटचे एलईडी स्वस्तात घरोघरी गेले, आणि बघता बघता माझ्या फळीवरचे शंभर वॅटचे पिवळे बल्ब कुणी विचारेना. लोक उलट गेलेले बल्ब दुकानात आणून टाकायला लागले. टाकवेनात म्हणून मी ते साठवले, आणि साठले म्हणून हात चालवायला लागलो. सुरुवातीला मीही तुमच्यासारखेच फोडले. आईने एकदा अंगण झाडताना विचारलं होतं, ‘बठ्ठं घर काचनं करी टाकशी का?’

तर पहिलं काम, पोतं एकदम उपडं करू नका. जुनी चादर अंथरा, हातात जाड मोजे घाला आणि एकेक बल्ब काढून ढीग लावा. साधे पारदर्शक बल्ब एकीकडे. दुधी एकीकडे. सीएफएल आणि ट्यूबलाइट तिसरीकडे, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मोठे दोन सगळ्यात लांब. हे होईस्तोवर पक्कड हातात घ्यायची नाही. साध्या बल्बांतला एकेक होल्डरला लावून बघा. दुकानातला माल आहे, म्हणजे न वापरलेले, चालणारे बल्बही निघतील. ते बाजूला ठेवा, त्यांच्यावर प्रयोग करायचं कारण नाही. एखाद्याची तार तुटलेली दिसली तर आपण लहानपणी करायचो तसा तो तिरका करून, हलवून तुटलेली टोकं जुळवता येतात. तसा जोडलेला बल्ब आधीपेक्षा जास्त उजेड देतो, कारण तार आखूड होते आणि वीज जास्त खेचते. अर्थात चार दिवसांत पुन्हा जातो. ही गंमत म्हणून सांगितलं, सजावटीशी संबंध नाही.

सीएफएल आणि ट्यूबलाइट यांच्याबद्दल माझं उत्तर एकच: नाही. त्या वेटोळ्याचा आकार छान दिसतो, मला माहीत आहे. पण आत पारा असतो. सीएफएलमध्ये तो अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, ट्यूबमध्येही थोडाच. पण तो वाफेच्या रूपात बाहेर पडतो, वास येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि नळी फुटली की आतली पांढरी पूडही सोबत उडते. घरात लहान मूल आहे. न फोडता नुसत्या टांगल्या तरी चालतील का असं काही जण विचारतात. मी टांगत नाही. टांगलेली वस्तू कधीतरी पडतेच, आणि साधा बल्ब पडला तर केर निघतो, सीएफएल पडली तर खोली सोडावी लागते.

चुकून फुटलीच तर पंखा आधी बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग केरसुणी न लावता जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत घालून बाहेर ठेवा. आणि हे काम करताना हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो. जळगावच्या सराफाला हे सांगायला नको, आपल्याला मात्र आठवण ठेवावी लागते. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, म्हणून तो ढीग खोक्यात नीट भरून नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात द्या. घंटागाडीत टाकाल तर गाडीतच फुटतील.

आता राहिले साधे बल्ब. यांच्यात पारा नाही. काच, थोडी तार, वर ॲल्युमिनियमची किंवा पितळी टोपी, आणि टोपीच्या बुडाला काळ्या काचेत बसवलेल्या दोन टिकल्या. त्या टिकल्या कथिल-शिशाच्या, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि अशा बल्बात तिखट-मीठ भरून जेवणाच्या टेबलावर ठेवायचं नाही. तोही एक व्हिडिओ फिरतोय. काचेचा एक कण पोटात गेला तर कसलं आलंय कौतुक?

उघडायच्या आधी न उघडता काय होतं ते सांगतो, कारण कानबाईच्या सजावटीला मला तेच जास्त योग्य वाटतं.

आपल्याकडचा बल्ब बहुतेक पिनवाला असतो. टोपीच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या. परदेशी व्हिडिओंत बल्ब आटेवाला असतो, त्याला तार गुंडाळली की घसरते, म्हणून ते लोक गोंद, कडी, काय काय वापरतात. आपल्या बल्बाला देवाने नाही पण कारखान्याने बांधायला दोन खुंट्या दिल्यात. बारीक तांब्याची तार एका खुंटीला दोन वेढे, टोपीवरून कमान, दुसऱ्या खुंटीला दोन वेढे. झाला कडीचा बल्ब. गोंद नाही, भोक नाही. रिवाइंडिंगवाल्याकडे जळालेल्या मोटारीची तार किलोवर मिळते, पावशेर आणलीत तर वर्षभर पुरेल. काळा पडलेला वरचा लेप काचपेपरने घासला की खालचं तांबं लखलखतं.

टांगायला दोरी घ्या केळीच्या सोपटाची. यावल-रावेरकडे नातेवाईक असतील तर वाळलेलं सोपट फुकट मिळेल. गजरेवाले ज्या धाग्याने फुलं बांधतात तोच हा. वापरायच्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवायचं, म्हणजे वळतं, तुटत नाही. बल्ब जेमतेम तीसेक ग्रॅमचा, तिपेडी सोपट त्याला सहज पेलतं. आणि टांगायचं कशाला? पऱ्हाटीला. कापूस वेचून झाला की शेताच्या बांधावर जो पऱ्हाटीचा ढीग पडतो, त्यातली एक फांद्याफांद्यांची, रिकामी बोंडं शाबूत असलेली काठी निवडा. कुंडीत रेती भरून उभी करा. दोन-चार बोंडांत थोडा कापूस राहू द्या. त्या पऱ्हाटीला नऊ-अकरा बल्ब वर-खाली लोंबू द्या. चौरंगामागे केळीचे खांब, त्यांच्या मधोमध ही पऱ्हाटी. मी माझ्या बहिणीकडे हे केलं तेव्हा रोट खायला आलेल्या बायका आधी बल्बच मोजत होत्या. पण एक पाळा, समई आणि कापराचं तबक पऱ्हाटीपासून चांगलं दोन-तीन हात लांब. वाळलेली पऱ्हाटी म्हणजे सरपणच.

रंगवायचे असतील तर बल्ब आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसा. हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग पोपडे होऊन निघतो. काचेवरचे रंग मिळतात ते वापरा. साधा ॲक्रिलिक रंग बाहेरून काचेला धरत नाही, नखाने सुटतो. दुधी बल्ब न उघडता रंगवायला सगळ्यात चांगला, कारण मागे पांढरी पार्श्वभूमी आयती मिळते. भुलाबाईच्या दिवसांत शाळेतल्या मुलींनी माझ्याकडे दुधी बल्बांना डोळे, कुंकू, नथ काढून भुलाबाई-भुलोजी केले होते. नथ म्हणजे तीन मोती आणि तार. त्या बल्बांना आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता उघडण्याची युक्ती. त्यासाठी बल्ब आत कसा आहे ते माहीत हवं, नाहीतर हात आंधळा चालतो.

मोठ्या वॅटच्या बल्बात आर्गॉन आणि नायट्रोजन भरलेला असतो. तार हवेत जळून जाऊ नये म्हणून. बल्ब थंड असताना हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. झिरोच्या किंवा अगदी कमी वॅटच्या बल्बात तर वायूही नसतो, नुसती पोकळी. म्हणजे तुम्ही काचेला तडा पाडलात की बाहेरची हवा एकदम आत घुसते आणि तडा स्वतःबरोबर ओढत नेते. तुमचे तीन बल्ब बहुधा असेच गेले. जोर कमी-जास्त झाला म्हणून नव्हे, हवा एकदम शिरली म्हणून.

टोपीच्या आत काचेची एक बारीक नळी असते. कारखान्यात याच नळीतून हवा काढतात आणि मग तिचं तोंड वितळवून बंद करतात. आपण कारखान्याचंच काम उलटं करायचं. गोणपाटाच्या तुकड्यात बल्ब गुंडाळा, फक्त टोपी बाहेर. परातीत ओलं फडकं पसरून त्यावर हे धरा. डोळ्यांना गॉगल, उन्हाचा नव्हे, वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो पारदर्शक. आधी पकडीने दोन टिकल्या मुरडून काढा. मग टेस्टरच्या टोकाने काळी काच थोडी थोडी टोचून फोडा. ती जाड असते, कडक असते, उडते. उडू द्या, गोणपाट आहे. आता आत बघा, दोन तारा आणि त्यांच्यामध्ये ती बारीक नळी दिसेल. लांब चोचीच्या पकडीने फक्त तिचं टोक चिमटीत धरून मोडा. कान लावलात तर ‘स्स’ ऐकू येईल. हवा हळूहळू आत गेली. आता आतबाहेर दाब सारखा, आणि बल्ब म्हणजे साधी बाटली.

इथे दोन मिनिटं थांबा. घाई इथेच होते.

यानंतर आतल्या काचेच्या देठाला वरून सरळ खाली दाब द्या. पेचकस तिरका करून बल्बाच्या मानेवर रेटायचा नाही. मान हीच सगळ्यात नाजूक जागा. देठ मानेला आतून जिथे चिकटलेलं असतं तिथे ते कच्चं असतं, सरळ दाबाने तुटून आत पडतं. मग बल्ब उपडा करून देठ, तार, तुकडे परातीत काढा. कडेला राहिलेले दात पकडीने थोडे थोडे कुरतडा, मग ओल्या काचपेपरने गोल घासा. काचपेपर ओलाच हवा, म्हणजे काचेची पूड उडून नाकात जात नाही. टोपी जागेवर राहू द्या. काही जुन्या बल्बांची टोपी उष्णतेने सिमेंट सुकून आपोआप सैल होते आणि फिरवली की हातात येते. तेव्हा उघड्या काचेची धार राहते आणि नेमकं तिथेच बोट कापतं. अशी टोपी आली तर दोन ट्यूबवाल्या एपॉक्सीने पुन्हा बसवा.

माझ्या हातून आता दहातला एखादा फुटतो. पहिल्या पन्नासांत अर्धे फुटत. तुमचे चारातले तीन फुटले यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. झिरोचे बल्ब मात्र उघडायला घेऊ नका, काच लहान, मान अरुंद, मेहनत वाया.

दुधी बल्ब उघडलात तर आत पांढरी पूड दिसते. कोरडी झटकू नका. मूठभर जाडं मीठ आणि थोडं पाणी घालून खळखळवा, ओता, पुन्हा पाणी. बल्ब स्वच्छ निघतो. काही दुधी बल्ब असे धुऊनही दुधीच राहतात, कारण त्यांची काचच आतून खरवडलेली असते. ते तसेच छान दिसतात. आणि पारदर्शक बल्ब आतून काळपट पडला असेल तर तो तारेचा टंगस्टन काचेवर बसलेला असतो, घासून फार जात नाही, त्याला रंगाच्या ढिगात टाका.

शेवटी परातीखाली, ओट्यावर, फरशीवर कणकेचा ओला गोळा थापत फिरा. डोळ्यांना न दिसणारा काचेचा चुरा कणकेला चिकटतो. ती कणीक कागदात बांधून टाकायची, गायीला नव्हे. हे मुद्दाम सांगावं लागतं.

उघडलेल्या बल्बात काय घालायचं? मला सगळ्यात आवडते ती रांगोळी. कागदाचं बारीक नरसाळं करून एकेक रंगाचा थर, मध्ये तारेने काचेलगत टोचलं की रंग खाली घसरतो आणि डोंगररांगा दिसतात. सातपुडा करायचा असेल तर खाली तपकिरी, वर हिरवा, वर निळा. बल्ब पूर्ण गच्च भरायचा, नाहीतर हलवला की सगळं एक होतं. तोंडाला कापसाचा बोळा आणि वर एपॉक्सी. डाळींचे थरही करतात, जळगावला डाळमिलचा गाव म्हणून माझ्या डोक्यात ते पहिल्यांदा आलं होतं. मूग, मसूर, उडीद, सुंदर दिसलं. दोन महिन्यांनी आत किडे चालायला लागले. पाहुण्यांची पोरं खूश, मी नाही. डाळ घालायचीच तर कढईत कोरडी गरम करून, पूर्ण गार झाल्यावर घाला.

उजेड हवा असेल तर बॅटरीवरची बारीक तांब्याच्या तारेची एलईडी माळ आत सोडा. उघडलेल्या पिनवाल्या बल्बाचं तोंड साधारण दोन सेंटिमीटर, माळ आरामात जाते. बॅटरीची डबी बाहेर टोपीला बांधा. लाइटवर चालणारी माळ आत घालू नका. आणि पोकळ केलेला बल्ब पुन्हा कुणी होल्डरला लावणार नाही याची काळजी घ्या. पोरं लावून बघतात. मी अशा प्रत्येक बल्बाची एक खुंटी घासून टाकतो, म्हणजे होल्डरमध्ये बसतच नाही.

मनीप्लांटचं विचारलंत. होतो, छान होतो, पण याबद्दल जरा तपशिलात बोलतो, कारण माझ्या घरात यावरून आग लागता लागता राहिली आहे.

पाण्याने भरलेला गोल बल्ब म्हणजे भिंग. सहा सेंटिमीटर व्यासाच्या बल्बावर सरळ ऊन पडलं, तर पलीकडे काचेपासून तीन-चार सेंटिमीटरवर ते एका ठिपक्यात गोळा होतं. मी पूर्वेच्या खिडकीत असे तीन बल्ब टांगले होते, मागे कागदी कॅलेंडर. मार्चचे दिवस. सकाळी नऊच्या सुमाराला जळका वास आला म्हणून बघतो तर तारखांच्या चौकोनांवरून तपकिरी रेघ ओढलेली, सूर्य सरकत गेला तशी. एके ठिकाणी भोकच. ऊन थोडं आणखी कडक असतं किंवा मागे पडदा असता तर? त्या दिवसापासून पाण्याचा बल्ब माझ्याकडे फक्त उत्तरेच्या भिंतीला, किंवा जिथे दिवसभरात एकदाही थेट ऊन येत नाही तिथे. मनीप्लांटला सावलीतला उजेड पुरतो, उलट उन्हात पाणी हिरवं होतं आणि शेवाळ धरतं.

पाणी आठवड्याने बदलायचं. हे झाडासाठी कमी आणि डासांसाठी जास्त. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. सातव्या दिवशी पाणी ओतलं की चक्र तुटतं. तोंडाला कापूस सैलसर बसवला तर अजून चांगलं. बंद बल्बात माती-शेवाळ घालून छोटी बाग करतात, ती आपल्याकडे करू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद काचेत झाड शिजतं.

उन्हाळ्यावरून गोंदाचं सांगतो. ग्लू गनचा गोंद मऊ व्हायला फार उष्णता लागत नाही. पत्र्याच्या ओट्यावर टांगलेल्या वस्तूचा गोंद वैशाखात ढिला पडतो आणि बल्ब आपोआप खाली येतो. पुण्या-मुंबईत टिकलेलं काम आपल्याकडे टिकत नाही ते यामुळे. बाहेर टांगायचं असेल तर तार आणि गाठ, नाहीतर एपॉक्सी. आणि पावसाळ्याच्या तोंडाला ज्या वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात, त्या वाऱ्यात बल्बाची माळ ओट्यावर ठेवू नका. आभाळ भरून आलं की पापड-कुरडयांबरोबर बल्बही आत.

तेलाचा दिवा. ताई, हा मी करत नाही, तुम्हीही करू नये असं माझं मत आहे. काही लोक करतात, फोटोत सुंदर दिसतो. बल्बाचं बूड गोल, तो स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, तारेच्या घडवंचीवर ठेवावा लागतो. धक्का लागला की लवंडतो, फुटतो, आणि आतलं तेल जळत पसरतं. शिवाय ज्योत टोपीशी असते. तिथे काच आणि धातू दोन्ही तापतात आणि वेगवेगळे प्रसरण पावतात, मान तडकते. हे कुणाच्या हातून कसं होईल ते सांगता येत नाही, एखाद्याचा दिवा दहा वर्षंही टिकेल. पण दिवाळीत घरात पोरं धावत असताना मी ती परीक्षा घेणार नाही. मातीची पणती आपल्याकडे आहेच. तिच्या मागे रंगवलेला बल्ब हातभर अंतरावर ठेवा, ज्योत काचेत उलटी-सुलटी दिसते. तेवढं पुरे.

पोत्यात एलईडी नसावेत, पण पुढे घरातून निघतीलच, म्हणून दोन वाक्यं. त्यांचा दुधी घुमट प्लास्टिकचा असतो, पिळला की बहुतेकदा निघतो, लहान मुलांना त्याच्या वाट्या, बाहुलीच्या छत्र्या करता येतात. पण आधी तो दुरुस्त होतो का बघा. आतले ठिपके एकामागे एक जोडलेले असतात, एक जळाला की सगळे विझतात, आणि बाजारात थोड्या पैशांत हे काम करून देतात. स्वतः उघडलात तर आतल्या कपॅसिटरला हात लावू नका, काढल्यानंतरही त्यात काही वेळ वीज राहते.

मुलीचं विचारलंत ते बरं केलंत. नऊ वर्षांच्या मुलीला उघडण्याच्या जागेवर बसू देऊ नका, बघायलाही नको, कारण काळ्या काचेची कपची कुठे उडेल सांगता येत नाही. धुतलेला, घासलेला, टोपीसकट बल्ब तिच्या हातात द्या. तिच्यासाठी खरं काम रंगाचं आणि सोपट विणण्याचं. रंगवताना बल्ब हातात धरून ठेवला की दाब पडतो, म्हणून एका वाटीत रेती भरा आणि बल्ब त्यात टोपीकडून खुपसा. दोन्ही हात मोकळे राहतात. उघडलेल्या बल्बात आतून ॲक्रिलिक रंग ओतून ती नुसता गोल गोल फिरवेल, तरी बाहेरून काच चकचकीत राहून आत रंग पसरतो. मग तो रेतीतच उलटा ठेवून सावलीत रात्रभर निथळू द्यायचा. पोरांना हे फार आवडतं, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नसतं.

विकण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बचत गटातल्या बायका हमखास विचारतात. गावच्या जत्रेत, ओळखीत विका. कुरिअरने पाठवायच्या फंदात मी एकदा पडलो. बारातले सात पोचले.

राहता राहिले ते दोन मोठे बल्ब. तुम्ही लिहिलंय की अंड्यासारखा आकार आहे, आतून पांढरे आहेत आणि हलवल्यावर आत दुसरी छोटी नळी दिसते. ते रस्त्यावरच्या खांबांचे असावेत. त्या आतल्या नळीत पारा असतो, आणि पिवळ्या उजेडाचे असतील तर सोबत सोडियम. सोडियम पाण्याला लागला की पेट घेतो. आकाराकडे बघून मोह होईल, मलाही झाला होता, पण ते उघडायचे नाहीत, धुवायचेही नाहीत, सीएफएलच्या खोक्यात जातील. तूर्त वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा आणि टोपीजवळ काय अक्षरं छापली आहेत ती कळवा. चालणारे साधे बल्ब किती निघाले तेही सांगा. शंभर वॅटचे असतील तर फेकू नका, माझ्याकडे कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला ते मागणारे दोघे-तिघे अजून येतात.